छानबाईंचा पाय

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी गल्ली छानबाई म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. त्या मोटार चालवायला शिकवतात. टपावर लाल फळी बसवलेली छोटी पांढरी गाडी घेऊन सकाळपासून फिरत असतात, आणि शिकणाऱ्याने विजेचा खांब घासला तरी म्हणतात, "छान. आता स्टिअरिंग जरा सैल सोडा." कुणी भर चौकात गाडी बंद पाडली की, "छान, बंद कशी पडते ते कळलं." एकदा एक गृहस्थ उलट्या बाजूने रस्त्यात घुसले आणि समोरून ट्रक आला. तेव्हाही बाई आधी छान म्हणाल्या आणि मग विचारलं, "आपण मागे जाऊ या का?" हे त्या गृहस्थांनीच मला सांगितलं, तेही कौतुकाने. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझी तऱ्हा उलटी. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. कपडा हातात आला की आधी सांगते, हा डाग जाणार नाही. हा जाईल, पण रंग विटेल. ही शिवण उसवलेली आहे, आत्ताच बघून घ्या, नंतर आमच्या नावाने बोटं मोडू नका. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. करू दे. मालक म्हणतो, जरा गोड बोलत जा. मी म्हणते, गोड बोलून डाग जात असते तर साबण कशाला आणला असता? घरात मला फटकळ म्हणतात, ते काही उगाच नाही.

पण जाऊबाई जन्मापासून साखर पेरत आल्या असं नाही. मोठे दीर अचानक गेले, तेव्हा त्यांना साधी सायकल येत नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून मोटार शिकायला गेल्या. शिकवणारा लाकडी पट्टी घेऊन बसायचा. गिअर चुकला की पट्टी बोटांवर, आणि वर "तुमच्यासारख्यांनी घरी बसावं" हे ऐकवायचा. घरी आल्या की जिन्याच्या पायरीवर बसून बोटांवर फुंकर घालायच्या. मी म्हणायचे, "ताई, त्याच्या हातातून पट्टी ओढून घ्या आणि त्यालाच द्या दोन." त्या म्हणायच्या, "जाऊ दे गं, शिकवतो तर चांगलं." पुढे स्वतः शिकवायला लागल्या, तेव्हा गाडीत पट्टी नाही आणि वाकडा शब्दही नाही. हातपाय कापणाऱ्या बायका, उतारवयात हौस आलेली माणसं, दुसऱ्या शाळेतून रडत बाहेर पडलेल्या पोरी, सगळी छानबाईंकडे. आणि ती शिकतातही, खोटं कशाला बोलू.

आमचे हे तर वहिनींचे पहिल्यापासून भक्त. यांची खोक्यांची फॅक्टरी बंद झाली, तेव्हा यांच्या डोक्यात शोभेच्या माशांचं दुकान काढायचं आलं. मी म्हटलं, "आपल्या गल्लीत माणसांना पाय पसरायला जागा नाही, मासे कुठे पोहतील?" हे उठले आणि जिना चढून वर गेले. आम्ही खाली राहतो, जाऊबाई वरच्या मजल्यावर. जाऊबाई म्हणाल्या, "छान कल्पना आहे, भाऊजी. बघून डोळ्यांना किती बरं वाटेल." झालं. दुकान निघालं आणि वर्षाच्या आत बुडालं. त्यातली एक मोठी काचेची पेटी अजून आमच्या खोलीत आहे, मी तीत चादरी ठेवते. दुकान गेल्यावर हे घरात बसले. बसले म्हणजे खिडकीशी खुर्ची ओढून खरोखरच बसले. दाढी नाही, कुणाशी बोलणं नाही. मी चार गोष्टी बोलले की "हं" म्हणायचे. त्या "हं"ने मला जितकं घाबरवलं तितकं कुणाच्या शिव्यांनीही घाबरवलं नसेल.

मग शाळेच्या व्हॅनचं निघालं. मुलांची ने-आण करायला माणूस हवा होता. मुख्याध्यापिका ओळखीच्या. म्हणाल्या, सुट्टी संपायच्या आत लायसन्स आणा, जागा तुमची. जाऊबाई शिकवायला लागल्या आणि माणूस बदलला. रोज दाढी, इस्त्रीचा शर्ट, शीळ. कुठल्या मुलाला कुठे बसवायचं, गाडी लागणाऱ्याला खिडकीपाशी, भांडणाऱ्या दोघांना लांब लांब, हे जेवताना मला समजावून सांगायचे. आणि गाडीबद्दल तर विचारू नका. "गाडीचा स्वभाव कळावा लागतो," म्हणायचे. "ब्रेकचं पेडल इतकं मऊ आहे, नुसता पाय ठेवला की आपोआप खाली जातं. मला कुठे थांबायचंय ते गाडीला माझ्याआधी कळतं." एक काठीवाले आजोबा एकदम रस्त्यात आले आणि यांनी गाडी वीतभर अंतरावर थांबवली, ही गोष्ट तर शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झाली होती. आजोबांनी काठी उंचावून आशीर्वाद दिला म्हणे. मी ऐकत राहायचे. बरं वाटायचं.

परीक्षा गुरुवारी होती. आदल्या रविवारी मला एका गादीवाल्याकडून उशा आणायच्या होत्या. हे म्हणाले, "चल, मीच नेतो. वहिनी आहेतच शेजारी." मी मागच्या सीटवर बसले. पुढे बाहेर बघावं तर यांचं डोकं मध्ये येत होतं, म्हणून मी आपली दोन सीटांमधून खाली बघत होते. जाऊबाईंनी डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली होती आणि उजव्या पायातलीही. त्यांच्या बाजूलाही पेडलं असतात, शिकवणाऱ्याच्या सोयीसाठी. दोन्हीकडची आतून जोडलेली. एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूचंही खाली जातं.

सिग्नल लाल झाला. जाऊबाईंचा अनवाणी पाय अलगद खाली गेला. गाडी मंदावली. मग यांचा बूट ब्रेकवर आला. मला वाटलं, सहज झालं असेल. पुढे सायकलवाला आडवा आला. आधी जाऊबाईंचा पाय, मग यांचा. कुत्रं आलं. आधी तो पाय. चेहरा मात्र समोर, हसरा, हात मांडीवर, आणि तोंडाने, "छान, भाऊजी. अगदी वेळेवर." उशा मांडीवर घेऊन मी परत येईपर्यंत तो पाय बघत होते. एकदाही, एकदासुद्धा यांचा बूट आधी आला नाही.

घरी उतरल्यावर हे म्हणाले, "पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हटलं. उशांना अभ्रे घालायला घेतले ते उलटेच घातले.

दुपारी मी जिना चढून वर गेले. जाऊबाई कोथिंबीर निवडत होत्या. मी दार लावलं आणि म्हटलं, "ताई, गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते आज डोळ्यांनी बघितलं."

त्यांनी मान वर केली नाही. कळलं त्यांना. म्हणाल्या, "सगळ्यांनाच करते मी तसं. सुरुवातीला पाय ठेवते, मग रोज थोडा थोडा उचलते. शेवटी माणूस आपल्या पायाने थांबवायला लागतो. मी कधी होते आणि कधी गेले, कुणाला कळतही नाही. आजवर कुणाचं अडलं नाही."

"आणि यांचं?"

"भाऊजींच्या वेळी उचलता येईना." काड्या तोडायचा हात थांबला. "जरा उचलला की ते थांबतच नाहीत. वाट बघतात. गाडी मंदावायला लागली की मग दाबतात. त्यांना वाटतं, ब्रेक असाच असतो. ती सवय मीच लावली."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणारच होते. दर सकाळी ठरवते. ते गाडीत बसतात, शीळ घालत आरसा नीट करतात, आणि माझ्या तोंडून छानच निघतं. तू बघितलंस ना त्यांना खिडकीशी बसलेलं?"

बघितलं होतं. मीच तर बघितलं होतं. तरी मी म्हटलं, "गुरुवारी तुम्ही शेजारी बसणार, परीक्षा घेणारे साहेब मागे. तुमच्या पायावर हे पास होतील. आणि सोमवारी व्हॅनमध्ये पोरं भरतील. तिथे कुणाचा पाय?"

"मला झोप येत नाही गं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सांग ना मग. तू तर कुणालाही तोंडावर सांगतेस."

मी तरातरा खाली आले. सांगून टाकायचं, त्यात काय, असं म्हणतच आले. हे चादरींच्या त्या काचेच्या पेटीसमोर उभे होते. चादरी बाहेर काढून पलंगावर ठेवल्या होत्या आणि पेटी पुसत होते. म्हणाले, "पहिला महिना झाला की ही विकून टाकू. उगाच अडचण." वर्षभरात त्या पेटीकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "वरच्या कोपऱ्यात राहिलंय, तिथे पुसा."

सोमवार असा गेला, मंगळवार असा गेला. लाँड्रीत मी एका बाईला सांगितलं, हा डाग जाईल. ती गेल्यावर बघते तर शाईचा डाग. माझ्या पायाला भिंगरी लागली होती. खोलीतून ओट्याकडे, ओट्याकडून जिन्याकडे. वर जाऊबाईंच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, खाली माझ्या, आणि मधोमध हे शीळ घालत बूट चमकवणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगते, एकदा असंही मनात आलं, की गुरुवार जाऊ दे बाई कसाबसा, लायसन्स हातात येऊ दे, मग बघू. पण व्हॅनमध्ये ती दोन भांडणारी पोरं लांब लांब बसलेली डोळ्यांसमोर आली, आणि मला माझीच किळस वाटली.

बुधवारी शेवटचा सराव. जाऊबाई खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "तूही चल." गाडी त्यांनी स्वतः चालवत बाजारामागच्या रिकाम्या पटांगणावर नेली. तिथे एका टोकाला रिकामी प्लॅस्टिकची पिंपं रचून ठेवलेली असतात, वळणं शिकवायला. बाकी चिटपाखरू नाही. त्यांनी यांना स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली.

हे हसले. "हे काय, वहिनी?"

"पाय आखडलेत," त्या म्हणाल्या. "पिंपांपाशी थांबवा, भाऊजी. सावकाश जा."

मी मागे होते. यांनी गाडी सुंदर उचलली, गिअर टाकला, सरळ नेली. पिंपं जवळ आली. यांनी पाय ब्रेकवर ठेवला, मला दिसत होतं, नुसता ठेवला, आणि वाट बघत राहिले. गाडी काही मंदावेना. "अरे," हे म्हणाले. मग दाबला, पण तोवर आम्ही पिंपांत होतो. फार लागलं नाही कुणाला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, जाऊबाईंची मांडी मोडली आणि पिंपं गडगडत चारी दिशांना गेली. एक बराच वेळ लोळत राहिलं, भिंतीला लागून थांबलं.

हे खाली उतरले. चेहरा पांढराफटक. "वहिनी, ब्रेक गेलाय. पेडल दगडासारखं झालंय. बरं झालं आज कळलं, उद्या रस्त्यावर काय झालं असतं?" आणि कुणाला बोलू न देता कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून आणलं. गॅरेजवाला हात पुसत आला. गाडीत बसला, पटांगणाला एक फेरी मारली, मध्येच कचकन थांबवली, पुन्हा एक फेरी, पुन्हा कचकन. उतरून म्हणाला, "ब्रेक एकदम चोख आहेत. कोण म्हणालं गेले?"

हे म्हणाले, "असं कसं होईल? रोज मऊ असतो. विचारा यांना."

गॅरेजवाल्याने जाऊबाईंकडे बघितलं. मीही बघितलं. त्यांच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं, कधी कधी होतं असं, जुनी गाडी आहे. दोन शब्दांचं काम होतं. हे मान हलवणार, गॅरेजवाला खांदे उडवणार, आणि उद्या गुरुवार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून उभी. कपाळाला पदर लावून उभी.

"ब्रेकला काही झालेलं नाही, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या. "रोज तो मी दाबत होते."

गॅरेजवाल्याला एकदम दुकान उघडं टाकल्याची आठवण झाली. तो गेला.

हे हसले. "म्हणजे एखाद्या वेळी. अडीअडचणीला."

"रोज."

"सिग्नलला?"

"सिग्नललाही."

"वळणावर?"

"हो."

मग यांनी अगदी हळू विचारलं, "ते काठीवाले आजोबा?"

जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेव्हाही मीच, भाऊजी. तुमचा पाय तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर होता."

हे तिथे पडलेल्या एका पिंपावर बसले. मला वाटलं, आता पुन्हा ती खिडकी. पण हे बोलत राहिले, खाली बघत. "दुकान काढताना तुम्ही छान म्हणालात. मी जिना चढून मुद्दाम विचारायला आलो होतो. तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?"

"चालणार नाही, असं वाटत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या आनंदात आला होतात," जाऊबाई म्हणाल्या. "गाडीत निदान माझ्या पायाखाली ब्रेक होता. तेव्हा तोही नव्हता, तरी छान म्हटलं. चुकलं माझं."

मला रडूही येत होतं आणि त्यांचा रागही. पण हेही कळत होतं, की पट्टीवाल्या त्या माणसासमोर ज्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, त्या आज बोलल्या, आणि मी नाही. तेवढ्यात यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कपाळावरच्या टेंगळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे.

"तुला माहीत होतं?"

"रविवारपासून," मी म्हटलं.

"तू?" हे म्हणाले. "तू तर लोकांच्या सदऱ्यावरचा डागसुद्धा सोडत नाहीस."

ते उठले आणि चालत निघाले. आम्ही दोघींनी पिंपं गोळा केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गुरुवारी हे परीक्षेला गेले नाहीत. शाळेला स्वतः जाऊन सांगितलं, मला अजून येत नाही. व्हॅनवर दुसरा माणूस लागला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुन्हा जागा निघाली तर कळवू, आणि असं कळवणं कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात अबोला. जाऊबाई वरून खाली उतरेनात. मी उगीच भांडी आपटत होते. हे खिडकीशी बसत, पण दाढी मात्र करत होते, आणि मी त्या दाढीकडे डोळे लावून दिवस काढले. काचेच्या पेटीत चादरी परत भरल्या.

मग एका सकाळी जाऊबाई नेहमीच्या वेळी गाडीपाशी आल्या तर हे आधीच तिथे उभे. मी दारात होते. हे काही बोलले नाहीत, उजवीकडे जाऊन बसले आणि आरसा नीट केला. शीळ नाही. जाऊबाई घाबरत घाबरत शेजारी बसल्या. मला राहवेना, लाँड्रीला उशीर होत होता तरी मी मागचं दार उघडून आत शिरले. कुणी चल म्हटलं नव्हतं.

पटांगणावर पोचल्यावर हे म्हणाले, "मांडी घाला, वहिनी. आणि छान म्हणू नका."

जाऊबाईंनी मांडी घातली. गाडी निघाली. पिंपं पुन्हा रचलेली होती, पुन्हा जवळ यायला लागली. यांनी पाय ब्रेकवर नेला आणि या खेपेला वाट बघितली नाही. फार लवकर दाबला. गाडीने जोरात गचका खाल्ला, पिंपांच्या कितीतरी अलीकडेच थांबली आणि बंद पडली. आम्ही तिघंही पुढे आदळून मागे आलो.

"कसं होतं?" यांनी विचारलं.

जाऊबाईंच्या मानेची शीर ताणलेली मला मागून दिसत होती. "वाईट," त्या म्हणाल्या. "फार आधी दाबला. मागे गाडी असती तर आपटली असती."

यांनी चावी फिरवली. "पुन्हा घेऊ," म्हणाले.

गाडी वळवून परत सुरुवातीला आणली. निघणार तोच हे थांबले, आरशातून मागे बघितलं आणि म्हणाले, "मागे कोण दाबतंय? पाय वर घे."

मी खाली पाहिलं. माझी टाच पायपुसणीत रुतली होती, पोटरीला गोळा येईपर्यंत दाबून धरलेली. मी चपला काढल्या आणि पाय वर घेतले.